फ्लास्कमधला झेंडू

हे तुम्ही मानणार नाही. आजवर कोणी मानलेलं नाही, आणि कोणी मानलं असतं तर मलाच वाईट वाटलं असतं. सहज पटणाऱ्या गोष्टी सांगायला गावात इतर माणसं पुष्कळ आहेत. मी न पटणाऱ्याच सांगतो, आणि त्या सगळ्या खऱ्या असतात.

शिवाय ही गोष्ट मी तोंडात एकही दात नसताना सांगितली आहे. त्या दिवशी सकाळी केळ खाताना माझी कवळी मधोमध तुटली. जळगावात राहून केळ्याने कवळी तुटावी यापेक्षा मोठी बेअब्रू नाही, म्हणून दवाखान्यात मी सुपारी सांगितली.

दवाखाना पिंप्राळ्यातच, मुलाच्या घरापासून चार घरं सोडून. पुढे बाकडं, आत डॉक्टर, आणि मागच्या खोलीत जाळीच्या खिडकीआड डिंपल. ही पोरगी कवळ्या करते. तिने माझे दोन तुकडे उजेडात धरले, जोडून पाहिले.

"सुपारी कुठली हो नाना, फटीत केळ अडकलंय," ती म्हणाली. "अर्धा तास लागेल. बसा तिथे, आणि तोंड मिटून ठेवा."

बाकावर आधीच एक गृहस्थ बसले होते. योगराज, दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी. लेकीकडे आले आणि इथे येऊन दाढ सुजली. गालाला रुमाल बांधला होता, एक डोळा अर्धा मिटलेला.

मी गप्पच बसणार होतो. पण डिंपलने एका बाटलीचं झाकण काढलं आणि तो वास आला. गोडसर, तिखट, नाकातून सरळ डोक्यात चढणारा. ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही.

"मिथाइल मेथाक्रिलेट," मी म्हणालो. दात नसताना हे नाव म्हणून पाहा, म्हणजे मी कोण होतो ते कळेल.

डिंपलने जाळीमागून डोकं वर काढलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"पोरी, मी चौतीस वर्षं धुळ्याला कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. चौतीस वर्षांत माझ्या नावावर फुटलेली एक परीक्षानळी नाही. फुटला तो एकच फ्लास्क, आणि तो फोडायला दिल्लीहून समिती आली होती."

योगराज रुमालाआडून म्हणाले, "हाई बठ्ठं खरं शे का?"

"सगळं ऐका आणि ठरवा," मी म्हणालो.

आमच्याकडे रोहिणी मॅडम नावाच्या संशोधक होत्या. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यातली मुलगी. वडील कुवरसिंग. वर्षातून एकदा चारोळीची पिशवी घेऊन यायचे, प्रयोगशाळेच्या दारात चपला काढायचे आणि आत येऊन सगळीकडे बघायचे. मला एकदा हळूच म्हणाले, "नाना, पाच वर्षं झाली, पोरगी काच करून राहिली. काच तर शिरपूरच्या बाजारात मिळते." मी सांगितलं, ही काच नाही, काचेसारखं प्लॅस्टिक आहे. ते म्हणाले, "ते तर आणखी स्वस्त मिळतं."

त्यांचं चूक नव्हतं. पण मॅडमना असा पत्रा करायचा होता की तो आपल्या खान्देशच्या उन्हात पिवळा पडू नये. केळीच्या रोपांच्या शेडवर टाकला की वीस वर्षं आरपार उजेड यावा. आता धुळ्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर ठेवलेला थर्मामीटर दुपारी बारानंतर आपला आपण जिना उतरून सावलीत येऊन बसायचा. मी त्याला रोज साडेचारला पुन्हा वर नेऊन ठेवायचो.

"नाना, हसवू नका," योगराज कळवळले. "दाढ ठणकस."

पण हसण्यासारखं तिथे काही नव्हतं. मॅडमचा पत्रा एक तर पिवळा पडायचा, नाही तर आत बुडबुडे राहायचे, सोड्याच्या बाटलीसारखे. पाच वर्षांत एकशे बारा पत्रे केले. एकशे बारा मी कपाटात रचून ठेवले. मुदत संपत आली होती. विजयादशमीनंतरच्या सोमवारी दिल्लीची समिती येणार, तिच्यासमोर पत्रा ओतून दाखवायचा. जमला तर मुदतवाढ. नाही तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द आणि पाच वर्षं पाण्यात. मग कुवरसिंगांच्या शेजारी बसून चारोळी फोडायची. त्या पाड्यातून एवढं शिकलेली ती पहिलीच होती. तिच्या मागे दोन मुली बारावीला होत्या आणि त्यांचे बाप हिच्याकडे बघून ठरवणार होते, हेही तिनेच मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं.

"त्या बाटलीत असतं काय नाना, ते सांगा ना," योगराज म्हणाले. त्यांना दाढेवरून लक्ष काढायचं होतं.

मग मी त्यांना समजावून सांगितलं, जसं मला मॅडमनी सांगितलं होतं, थोडं सुधारून. मोनोमर म्हणजे सुटी माणसं. बाजारात फिरणारी, एकमेकांशी देणंघेणं नसलेली, म्हणून ते पाण्यासारखं पातळ. त्यांनी एकमेकांचे हात धरले की झाला मोर्चा. मोर्चा म्हणजे प्लॅस्टिक, मग ते हलत नाही. आता कंपनीला भीती असते की बाटली वाटेत असतानाच मोर्चा निघायचा. म्हणून ती बाटलीत एक हवालदार बसवून पाठवते. दोन माणसं जवळ आली की हा मध्ये काठी घालतो. प्रयोग करायचा तर आधी हवालदाराला बाहेर काढायचं. कॉस्टिकच्या पाण्याने तीनदा धुवायचं. पहिलं धुणं चहाच्या रंगाचं निघतं, तो त्याचा खाकी गणवेश. मग साध्या पाण्याने धुवायचं, मग पाणी शोषून घेणारं मीठ टाकून रात्रभर ठेवायचं, मग पंपाने हवा ओढून अगदी कमी आचेवर थेंब थेंब गाळून घ्यायचं. एवढं करून हातात येतं ते पाऊण लिटरचं अर्धा लिटर. ते लगेच फ्रीजमध्ये, अंधारात.

"मंग हवालदार काढा म्हणजे मोर्चा आपलेआप निघस का?" योगराजांनी विचारलं.

"निघतोच," मी म्हणालो.

जाळीमागे डिंपल वाटीत पावडर आणि ते पाणी कालवत होती. तिचा चमचा थांबला. "हं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा कालवू लागली.

तर त्या वर्षी मॅडमकडे शेवटची बाटली उरली होती. दुसरी मागवली तर मुंबईहून यायला दोन महिने. तिने तीन दिवस ती धुतली, सुकवली, गाळली, आणि एका गोल फ्लास्कमध्ये भरून फ्रीजमध्ये ठेवली. वर चिठ्ठी लावली, हात लावू नये. मग दसऱ्यासाठी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आता आमच्या प्रयोगशाळेची एक रीत होती आणि ती मी चालवत होतो. खंडेनवमीला शेतकरी नांगर पुजतो, सुतार रंधा पुजतो. आम्ही तराजू, भट्टी, पंप, सूक्ष्मदर्शक, सगळं पुसून एका ओळीत मांडायचो. प्रत्येकाला हळदकुंकू, एक झेंडूचं फूल आणि चिमूटभर साखरेचा नैवेद्य. साखर आमच्याकडे फ्रीजमध्येच असायची, मुंग्यांपायी. समोर तेलाचा दिवा लावायचा. तो कॉलेज पुन्हा उघडेपर्यंत विझू द्यायचा नाही. मी रोज येऊन तेल घालायचो.

त्या वर्षी मी चष्मा घरी विसरलो होतो, तरी ओळ मांडून झाली आणि मला वाटलं, जिच्यावर सोमवारी सगळं अवलंबून आहे तीच वस्तू फ्रीजमध्ये एकटी बसली आहे. तराजूला देवीचा आशीर्वाद आणि मॅडमच्या फ्लास्कला नाही, हा कुठला न्याय? मी फ्लास्क काढला आणि मानाच्या जागी ठेवला, दिव्याला लागून. कुंकू लावलं. पण फूल काही त्याच्या गळ्यावर बसेना, घसरून पडे. तीनदा ठेवलं, तीनदा पडलं. शेवटी बूच काढलं, फूल आत सोडलं, बूच लावलं. मोठं सुंदर दिसलं. पाण्यात तरंगणारा झेंडू.

"आणि नैवेद्य?" डिंपलने आतून विचारलं.

"नैवेद्य सगळ्यांनाच दाखवला."

"फ्लास्कला?"

"डिंपल, तू कवळीकडे लक्ष दे."

मग प्रसाद वाटला. प्राचार्यांनी डोळे मिटून गिळला. त्यांना गेल्या दहा वर्षांत कशाची चव लागली नव्हती. आमचा शिपाई हिलाल मात्र जिभेवर ठेवताच थू थू करत नळाकडे धावला. "नाना, साखर आहे का चुना?" म्हणे. त्या वर्षीची साखर काही चांगली आली नव्हती, एवढंच.

मग चार दिवस सुट्टी. मी रोज तेल घालायला जायचो. नजर दिव्याच्या वातीवर. फ्लास्ककडे कोण बघतो?

सोमवारी सकाळी नऊला मॅडम आल्या. वडिलांनी दिलेली चारोळीची पिशवी टेबलावर ठेवली, फ्रीज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"नाना, माझा फ्लास्क?"

मी मोठ्या कौतुकाने दिव्याकडे हात केला.

तिने फ्लास्क उचलला. तिरका केला. उलटा केला. आतून काहीच हललं नाही. झेंडू मधोमध थांबलेला, पाकळ्या पसरून, जसा काही कोणी हवेत ठेवून विसरून गेलं होतं. ती स्टुलावर बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"नाना, चार दिवस दिवा इथेच होता?"

"क्षणभर विझू दिला नाही."

"नाना, हे पेट्रोलसारखं पेटतं," ती अगदी हळू म्हणाली. "बूच जरा सैल असतं तर कॉलेज उरलं नसतं."

"म्हणजे देवीने वाचवलं," मी म्हणालो.

तोवर तिचे मार्गदर्शक लीलाधर सर आले. त्यांनी फ्लास्क पाहिला, दिवा पाहिला, मला पाहिलं, आणि उभ्या उभ्या कागद ओढून मेमो लिहायला घेतला. मला निवृत्तीला तीन महिने राहिले होते. सर लिहिता लिहिता वाचत होते, "रसायनाशी छेडछाड केल्याचे पुन्हा आढळल्यास चौकशी लावण्यात येईल," आणि 'येईल' म्हणत असतानाच समिती दारात उभी राहिली. चार माणसं, चारही कोटात. ऑक्टोबर महिना, धुळं. त्यातले अध्यक्ष म्हणजे अंगात पाणी उरलं नाही असे वाळलेले गृहस्थ. त्यांनी मॅडमच्या हातातला फ्लास्क घेतला आणि खिडकीशी नेला.

तिथे तो उजेडात धरून चारी बाजूंनी फिरवला.

"यात बुडबुडा नाही," अध्यक्ष म्हणाले. "पिवळेपणा नाही. हे कसं केलंत?"

आता लीलाधर सरांचं खरं शिक्षण दिसलं. त्यांनी मेमो घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "पारंपरिक स्रोतातून मिळणारी नियंत्रित मंद उष्णता, सर. शहाण्णव तास."

"आणि हे फूल?"

"वनस्पतिजन्य घटक. प्रायोगिक."

समितीने माना डोलावल्या. मग अध्यक्षांनी विचारलं, गोळा बाहेर काढता येईल का? मी फडक्यात गुंडाळून फ्लास्क फोडला. चौतीस वर्षांतला माझा पहिला आणि शेवटचा. गोळा निघाला, आणि खरं सांगतो, तो इतका स्वच्छ होता की टेबलावर ठेवल्यावर दिसेनासा झाला. नुसता झेंडू टेबलापासून चार बोटं वर तरंगत होता. एका सदस्याने त्याच जागी चहाचा कप ठेवायला घेतला आणि कप गोळ्यावर आपटला. पुढे महिनाभर खिडकीतून येणाऱ्या मधमाश्या त्या फुलावर येऊन टाळकं आपटून जायच्या. मी रोज सकाळी त्यांना पाणी शिंपडून शुद्धीवर आणायचो.

योगराजांनी दोन्ही हातांनी गाल धरला. "नाना, पाया पडस, थांबा."

थांबून कसं चालेल? खरी पंचाईत पुढेच होती. अध्यक्ष म्हणाले, "उत्तम. हेच पुन्हा करून दाखवा. पंधरा दिवस देतो. एकदा झालेली गोष्ट म्हणजे अपघात, दुसऱ्यांदा झाली तर शास्त्र. झालं तर मुदतवाढ, नाही तर नोंदणी रद्द."

आता दुसऱ्यांदा करायला मोनोमर कुठून आणायचा? मॅडम हुशार. कवळीवाल्यांकडे हाच माल असतो. आम्ही धुळ्यातल्या झाडून सगळ्या कवळीवाल्यांकडून बाटल्या गोळा केल्या. त्या पंधरवड्यात धुळ्यात एकही कवळी झाली नाही. निम्मं म्हातारं शहर मऊ खिचडीवर होतं. तो माल धुतला, सुकवला, गाळला. आणि लीलाधर सरांनी खंडेनवमी पुन्हा लावली.

मी खोटं बोलत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी, भर कॉलेज चालू असताना, पुन्हा ओळ मांडली. दिवा किती सेंटिमीटर लांब, हे सरांनी पट्टीने मोजलं. झेंडू वजन करून घेतला, तीन पूर्णांक दोन ग्रॅम. तराजूला तराजूवर ठेवता येत नाही म्हणून त्याचं तेवढं वजन राहिलं. प्राचार्यांना बोलावून डोळे मिटायला लावले. शेवटी सर म्हणाले, "हिलाल, त्या दिवशी तू इथे थुंकला होतास."

"हो सर."

"थुंक."

"सर, आजची साखर गोड आहे."

"शास्त्रासाठी थुंक."

हिलाल शास्त्रासाठी थुंकला. चार दिवस दिवा जळला. मॅडमच्या हट्टामुळे या वेळी मध्ये पत्र्याचा पडदा होता, आणि दाराशी वाळूच्या बादल्या घेऊन हिलाल. चौथ्या दिवशी फ्लास्क हलवला. डुबुक डुबुक वाजलं. पाणीच. झेंडू कुजलेला.

मॅडमनी पुन्हा केलं. दिवा जवळ, दिवा लांब, दोन झेंडू. मग पुस्तकातल्या पद्धतीने केलं, तर पुन्हा बुडबुडेच. दहा दिवस गेले, पाच उरले. तिने घरी फोन करणं बंद केलं. सर मात्र खूश होते. त्यांनी झेंडूवर तीस पानांचा निबंध लिहायला घेतला होता.

त्या अकराव्या दिवशी ती फसलेला फ्लास्क हातात धरून बसली होती. बराच वेळ तळाशी बघत होती. तळाला साखरेचे चार दाणे होते, बसलेले. मग तिने मागच्या कपाटातून तो पहिला गोळा काढला, उजेडात धरला, चारी बाजूंनी फिरवला.

"नाना," ती म्हणाली, "याच्यातली साखर कुठे गेली?"

"कोणती साखर?"

"तुम्ही या वेळी फ्लास्कमध्येही नैवेद्य टाकलात. म्हणजे त्या वेळीही टाकला असणार. तो कुठे गेला?"

"देवीने खाल्ला," मी म्हणालो, आणि चहा टाकायला निघून गेलो.

चहा टाकता टाकता माझं मन अस्वस्थ झालं. एकीकडे ही पोरगी, पाच दिवस, पाड्यातल्या दोन मुली. दुसरीकडे सरांच्या खिशात तो घडी केलेला मेमो. कधीही उघडला असता. मी स्टोअररूममध्ये पोत्यावर जरा आडवा झालो. दुपारचा दीड वाजला होता. आणि आता हे तर तुम्ही मुळीच मानणार नाही. साक्षात धुळ्याची एकवीरादेवी आली.

"देवी दुपारले येस?" योगराज सावरून बसले.

"जेवणाच्या सुट्टीत आली. कॉलेजचं वेळापत्रक तिला ठाऊक असणारच. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, आणि बोलली अहिराणीत. 'गिरधर,' म्हणे, 'फ्रीजना दारमा लाल झाकणनी डबी शे. निळी नको, ती साखर शे. लाल. तिनामाईन चिमूटभर टाक, जास्त नको. मंग चार दिन हात लाऊ नको.' आणि गुप्त झाली."

मी तसाच उठून मॅडमकडे गेलो आणि स्वप्न सांगितलं. शब्द न् शब्द.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, हसेल. हसली नाही. फ्रीजच्या दारातून लाल झाकणाची डबी काढली, टेबलावर ठेवली. आत पांढरे दाणे. अगदी बारीक साखर वाटावी असे.

"नाना, हे मी नेहमीच घालते," ती म्हणाली. "पण पुस्तकात सांगितलंय तेवढं, चमच्याने. देवीने चिमूट कशी धरली होती, ते दाखवाल?"

"म्हणजे कशी?"

"दोन बोटांची की तीन?"

मी तीन बोटं दाखवली. तिने तराजूवर कागद ठेवला, म्हणाली, "घ्या." मी चिमूट घेतली, कागदावर टाकली. तिने आकडा लिहिला. "पुन्हा." अशा दहा चिमटी तिने माझ्याकडून घेतल्या, प्रत्येक वेळी नवा कागद, आणि दहांची सरासरी काढली. दशांशचिन्हानंतर चार आकडे. मग माझ्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाली, "साबणाने धुवा नाना. आणि तोंडाला लावू नका."

बरोबर तेवढं तिने घातलं. दिवा काढून टाकला, त्या जागी कोमट पाण्याची टाकी ठेवली, हळूहळू चढणारी. तीन फ्लास्क. पाचव्या दिवशी समिती आली तेव्हा टेबलावर तीन गोळे होते, म्हणजे होते असं आम्ही सांगितलं. दिसत काहीच नव्हतं. अध्यक्षांनी हात लावून खात्री केली. मुदतवाढ तिथल्या तिथे मिळाली. झेंडूविना झालेलं पाहून लीलाधर सरांना चार दिवस जेवण गेलं नाही.

आता ती पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत आहे. कुवरसिंगांच्या घरावर तिचाच पत्रा आहे. सात उन्हाळे झाले, पिवळा पडलेला नाही. फक्त तो इतका स्वच्छ आहे की कुवरसिंगांना अजून वाटतं छप्पर उडालं, आणि रोज झोपताना ते घोंगडी डोक्यावरून ओढून घेतात. पाड्यातल्या त्या दोन मुलींपैकी एक शिरपूरला कॉलेजात शिकवते, एक तिच्याकडेच संशोधन करते.

आणि तिच्या प्रबंधात पहिल्या पानावर आभार आहेत. सरांचे, आईवडिलांचे, आणि शेवटच्या ओळीत, 'गिरधर नाना यांचे, त्यांच्या हाताच्या मापाबद्दल.' चहात साखर बरोबर पडायची माझ्या हातून, त्याचं आहे ते.

योगराज रुमालाने डोळे पुसत होते. दाढेमुळे की कशामुळे, त्यांनाच ठाऊक. "नाना," म्हणाले, "कसंही असो. देवी पावनी."

"पावली ना," मी म्हणालो. "नाही तर लाल झाकण मला कसं कळणार?"

मागच्या खोलीत कानसीचा आवाज थांबला. डिंपल जाळीचं दार उघडून बाहेर आली. तिच्या हातात माझी कवळी होती, जोडलेली, पॉलिश केलेली, सांधा दिसतही नव्हता. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"नाना, मी रोज हेच करते," ती म्हणाली. "बाटलीतलं हे पाणी नुसतं महिनाभर ठेवलं तरी पातळच राहतं, दिवा लावा की होळी करा. पावडर पडल्याशिवाय घट्ट होत नाही, कारण ते लाल झाकणाचं औषध त्या पावडरीत असतं. तुमचाच मोर्चा ना? हवालदार गेला म्हणून मोर्चा निघत नसतो. पहिली घोषणा कोणीतरी द्यावी लागते."

"मग देवीने—"

"देवीने दुसऱ्यांदा. आणि पहिल्यांदा?" तिने कवळी माझ्या नाकासमोर धरली. "खंडेनवमीला चष्मा घरी होता तुमचा. साखर म्हणून लाल डबी तुम्हीच उघडलीत, तीन बोटांची चिमूट फ्लास्कमध्ये टाकलीत आणि उरलेली प्राचार्यांना आणि त्या हिलालला प्रसाद म्हणून चारलीत! कोणी देवी आली नव्हती नाना, मॅडमना ते पहिल्या चिमटीलाच कळलं होतं. घ्या तुमचे दात, आणि आता बोला."